यिर्मयाचे पत्र: संदेष्ट्याच्या वचनावर चालायला शिकवणाऱ्या सहा बैठका

यिर्मया २९:११ हे वचन ख्रिस्ती घरांत भिंतीवर, वचनांच्या कॅलेंडरवर, परीक्षेला निघालेल्या मुलाच्या वहीत हमखास सापडते. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, हे त्यातले आश्वासन. त्याच्या आधीचे दहावे वचन मात्र कुणी चौकटीत लावत नाही. हे हित सत्तर वर्षांनी होईल, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. हा अध्याय म्हणजे संदेष्टा यिर्मयाने यरुशलेमहून बाबेलमधल्या यहूदी बंदिवानांना लिहिलेले पत्र. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकले त्यांतल्या बहुतेक कर्त्या माणसांना तो दिवस पाहायला मिळणार नव्हता. आणि तरीही देव त्यांना घरे बांधा, बागा लावा असे सांगतो. भाकीत कळले की माणसाने आकाशाकडे डोळे लावून बसायचे नसते, हातातले काम नीट करायचे असते. ही गोष्ट या एका अध्यायाइतकी ठसठशीत दुसरीकडे क्वचितच दिसते.

पुढची आखणी आठ-दहा जणांच्या गटासाठी आहे. आठवड्याला एक बैठक, सव्वा तासाची. पाच मिनिटे स्तुती, वीस मिनिटे वाचन, अर्धा तास चर्चा, उरलेला वेळ प्रार्थनेला. एकाच कुटुंबाला रविवारी संध्याकाळी घरीही हे करता येईल. सर्वांकडे एकच भाषांतर असू द्या, म्हणजे वाचताना अडखळायला होत नाही. सोप्या भाषेतले दुसरे एक भाषांतर मध्ये ठेवा. एक जाड वही गटाची म्हणून वेगळी काढा. तिचा उपयोग पुढे येईल.

पहिली बैठक: पत्र पत्रासारखे ऐका

अध्यायाची बत्तीसही वचने एका दमात मोठ्याने वाचायची. सहा-सात मिनिटे लागतात. मध्ये थांबून अर्थ सांगायचा नाही. त्यानंतर २ राजे २४:१०-१७ आणि स्तोत्र १३७ वाचा. म्हणजे पत्र कुणाच्या हाती पडले ते कळेल. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि यहूदाचा राजा यहोयाखीन, त्याची आई, सरदार, कारागीर आणि लोहार यांना बाबेलला नेले. मंदिर अजून उभे होते, ते पुढे ५८६ मध्ये पडले. म्हणून धरून नेलेल्यांना वाटत होते की हे तात्पुरते आहे, वर्ष-दोन वर्षांत घरी जाऊ.

बाबेलमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. ‘याहूदूचे गाव’ (म्हणजे यहूदाच्या लोकांची वस्ती) असा उल्लेख असलेल्या दुसऱ्या पाट्या इ.स.पू. ५७२ पासूनच्या आहेत. त्यांत यहूदी कुटुंबे जमीन कसताना, जव आणि खजुराच्या रूपात देणे भरताना दिसतात. म्हणजे बाबेलमध्ये घर, शेत, संसार हे नुसते पत्रात राहिले नाही, तिथल्या मातीत ते खरोखर उभे राहिले.

बैठकीच्या शेवटी वहीत तीनच गोष्टी लिहा: पत्र कुणी लिहिले, कुणाला लिहिले, त्यांनी काय गमावले होते. इथे हटकून एक चूक होते. कुणीतरी लगेच विचारते, ‘यातून मला काय?’ प्रश्न चांगला आहे, पण त्याला दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबवा. ज्याला बंदिवानांचे दुःख कळले नाही, त्याला त्यांना दिलेली आज्ञाही हलकीच वाटते.

दुसरी बैठक: घर, बाग, लग्न

वचने ४ ते ६. घरे बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांचे फळ खा, लग्ने करा, मुलांची लग्ने करून द्या, तिथे कमी होऊ नका, वाढा. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली एक अशी गोष्ट वहीत लिहावी जी ‘इथून निघालो की मग’ म्हणून पुढे ढकलली आहे. गाव सोडून मुंबई-पुण्यात किंवा आखातात कामाला गेलेल्या आपल्या माणसांना हे सांगावे लागत नाही. स्थानिक मंडळीत नाव नोंदवायचे राहिले, मुलांना संडे स्कूलला घातले नाही, शेजाऱ्याचे नावही माहीत नाही, कारण ‘आपण इथे कायमचे थोडेच आहोत?’ त्यांतली एकच गोष्ट निवडा आणि या महिन्यात करा. पाच निवडल्या तर एकही होत नाही.

या बैठकीत २ थेस्सलनीकाकर ३:६-१२ जरूर वाचा. तिथल्या मंडळीत काही जण काम सोडून लुडबूड करत फिरत होते आणि पौलाने त्यांना शांतपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगितले. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूचा दिवस येऊन ठेपला म्हणून घाबरलेल्यांनाही तो समजावतो. प्रभू येणार म्हणून नोकरी सोडणारा माणूस जास्त विश्वासू ठरत नाही, हे तरुणांना नीट सांगा.

तिसरी आणि चौथी बैठक: नगरासाठी प्रार्थना

सातवे वचन या अध्यायातले सर्वांत अवघड वचन आहे, म्हणून त्याला दोन आठवडे द्या. ज्या नगराने तुम्हाला धरून नेले त्याचेच हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. नुकतीच स्तोत्र १३७ची शेवटची, बाबेलवर सूड मागणारी वचने वाचलेल्या गटाला ही आज्ञा किती जड आहे ते जाणवेल. जाणवू द्या. त्या स्तोत्रातला संताप देवासमोर बोललेला आहे, तो लपवायला सांगितलेला नाही. पण नगरात वागायचे कसे, ते पत्र ठरवते.

तिसऱ्या बैठकीत यादी करा. ‘आमच्या शहराला आशीर्वाद दे’ ही प्रार्थना इतकी ढोबळ आहे की तिचे उत्तर मिळाले तरी कळत नाही. नकाशा समोर ठेवून आपला वॉर्ड किंवा गाव पाहा आणि सात खाने पाडा: पाणी आणि कचरा, दवाखाना, शाळा, पोलीस चौकी, बाजार, नगरसेवक किंवा सरपंच, आणि ज्या समाजाशी आपले पटत नाही तो. सातवा खाना गाळायचा मोह होतो. तो गाळला तर यादीतून बाबेलच निघून गेले असे समजा. प्रत्येक खान्यात एक नेमकी विनंती लिहा, जसे की आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर हजर असावा, नगरपालिकेच्या शाळेतल्या सातवीच्या मुलींची शाळा सुटू नये. आठवड्याच्या सात दिवसांना सात खाने. घरी रोज पाच मिनिटे पुरतात. १ तीमथ्य २:१-२ मध्ये अधिकाऱ्यांसाठी प्रार्थनेबरोबर उपकारस्तुतीही सांगितली आहे, म्हणून आठवड्यातून एकदा तरी त्यांच्यातल्या एखाद्या चांगल्या कामाबद्दल देवाचे आभार माना.

चौथ्या बैठकीत यादीतला एक खाना निवडून गटाने मिळून एक काम हाती घ्यायचे. काम असे असावे की चार शनिवारांत दोन-दोन तास देऊन पुरे होईल आणि त्याचा फायदा मंडळीबाहेरच्यांना होईल. कामाच्या जागी पत्रके वाटू नका. ज्याचे हित करायला गेलो त्याला ते हित निखळ मिळाले पाहिजे. कुणी विचारलेच तर आपण कोण ते मोकळेपणी सांगा.

पाचवी बैठक: संदेष्ट्याची पारख

वचने ८-९ आणि २०-३२, आणि सोबत अख्खा २८वा अध्याय. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या चौथ्या वर्षी गिबोनचा संदेष्टा हनन्या मंदिरात सर्वांसमोर म्हणाला की दोन वर्षांत मंदिराची पात्रे आणि बंदिवान परत येतील. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले जू त्याने काढून मोडले. यिर्मयाने आधी काय म्हटले ते नीट पाहा: आमेन, परमेश्वर तसे करो. त्यालाही लोकांचे भलेच हवे होते. मग त्याने जुन्या संदेष्ट्यांची आठवण दिली आणि तिथून निघून गेला. देवाचे वचन मिळाल्यावरच तो उत्तर द्यायला परतला. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरण पावला. बाबेलमध्येही अहाब आणि सिद्कीया (हा राजा नव्हे, मासेयाचा मुलगा) असेच बोलत होते. २३वे वचन सांगते की ते शेजाऱ्यांच्या बायकांशी व्यभिचारही करत होते.

कुणाचा ‘प्रभूने मला दाखवले’ असा संदेश फोनवर आला किंवा सभेत ऐकला, की वहीत हे प्रश्न लिहून त्यांपुढे उत्तरे भरा. तारीख दिली आहे का? दिली असेल तर मार्क १३:३२ आणि प्रेषितांची कृत्ये १:७ यांच्याशी ती जुळत नाही, विषय तिथेच संपला. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, अनेकांनी शेतातली पिके उभीच सोडली, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. सांगितलेले घडले का (अनुवाद १८:२२)? घडले तरी तो देवापासून दूर नेतो का (अनुवाद १३:१-३)? बोलणाऱ्याचा पैशाचा आणि घरातला व्यवहार स्वच्छ आहे का? संदेश पश्चात्ताप मागतो, की नुसता दिलासा देतो? आणि हा त्याने स्वतः ऐकला, की दुसऱ्याचा उचलला? यिर्मया २३:३० मध्ये देव एकमेकांपासून वचने चोरणाऱ्या संदेष्ट्यांच्या विरुद्ध बोलतो. पुढे पाठवलेल्या संदेशांच्या काळात हे वचन प्रत्येकाला पाठ असायला हवे.

पारख एकट्याने करू नका. १ करिंथ १४:२९ प्रमाणे इतरांनी निर्णय करायचा आहे, म्हणून पाळक आणि दोन अनुभवी विश्वासणारे, त्यांत एक स्त्री, यांच्यासमोर बोलणे ठेवा. लग्न, ऑपरेशन, घर विकणे, औषध बंद करणे यांबाबत कुणाच्याही संदेशावरून लगेच पाऊल उचलू नये. औषध तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच बंद करू नये. उलट टोकालाही जाऊ नका. संदेशाचा धिक्कार करू नका, सर्व पारखून चांगले ते धरा, असे १ थेस्सलनीकाकर ५:२०-२१ सांगते. एकदा फसलेल्या मंडळ्या पुढे संदेष्ट्यांची पुस्तके उघडतच नाहीत, आणि मग हनन्याला ओळखायचे कसे हे शिकवणारा धडाही हातचा जातो.

सहावी बैठक: सत्तर वर्षे आणि दानीएल

आता वचने १० ते १४ वाचा, आणि लगेच दानीएल ९:१-१९. बाबेलला नेलेल्या यहूद्यांपैकीच एक असलेल्या दानीएलाने यिर्मयाच्या ग्रंथावरून सत्तर वर्षे जाणून घेतली. आकडा कळल्यावर तो तक्ता काढत बसला नाही. त्याने उपास केला, गोणपाट व राख घेतली आणि ‘आम्ही पाप केले’ असे स्वतःला धरून कबूल केले. वर्षे कुठून मोजायची यावर अभ्यासक वेगवेगळी मते मांडतात: कुणी इ.स.पू. ६०५ ते बाबेल पडले त्या ५३९ पर्यंत, कुणी मंदिर पडले त्या ५८६ पासून ते पुन्हा उभे राहिले त्या ५१६ पर्यंत. गटात यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. वाद रंगला तर प्रार्थनेचा वेळ जातो.

त्याऐवजी प्रत्येकाला दानीएलाची प्रार्थना समोर ठेवून आपल्या कुटुंबासाठी आणि मंडळीसाठी दहा-बारा ओळींची कबुली लिहू द्या. ‘ते’ हा शब्द टाळून ‘आम्ही’ लिहायचे. लिहिताना लोक पटकन इतरांच्या पापांकडे वळतात. गटप्रमुखाने आधी स्वतःची कबुली वाचून दाखवली तर बाकीच्यांना वाट सापडते. वाचायची सक्ती नको. नंतर ११वे वचन सर्वांनी मिळून म्हणा, पण दहाव्यापासून सुरुवात करून चौदाव्यापर्यंत. ज्या घरात नुकते दुःख झाले आहे त्यांना ‘देवाने हिताचेच केले’ असे सांगायला हे वचन वापरू नका. पत्रातच बंदिवास हा बंदिवास म्हटलेला आहे.

वही जपून ठेवा. तीन महिन्यांनी एकदा बसून सात खान्यांतल्या विनंत्या पुन्हा वाचा, उत्तर मिळालेल्यांपुढे तारीख टाका, जुनी झालेली विनंती बदला. पुढच्या अभ्यासाला हाग्गय संदेष्ट्याचे पुस्तक घ्या. दोनच अध्याय आहेत, प्रत्येक संदेशाला महिना आणि दिवस दिलेला आहे, आणि परत आलेल्यांनी घरे बांधली पण मंदिर का रखडले, हा यिर्मयाच्या पत्रानंतरचा पुढचा प्रश्न तिथेच भेटतो.