पिल्लं निघत नाहीत? नराबद्दलच्या या चुका टाळा

घणसोली, दिवाळे अशा नवी मुंबईतल्या जुन्या गावांत अजूनही कुणाच्या घरामागे खुराडं दिसतं. मुरबाड-शहापूरकडे तर ते असतंच. खुडुक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली नाहीत की बोल कोंबडीलाच लागतो. नराचं बाहेरून काही दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

कोंबड्याचे दोन्ही वृषण पोटात असतात, पाठीच्या कण्याखाली, मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी. अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असूनही शुक्राणू तिथेच तयार होतात. कोंबडा साफ करताना घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे, पण बरेच मोठे असे दोन पांढुरके गोळे दिसले, तर त्यांना रोगाची गाठ समजू नका. डावा जरा मोठा असला तरी काळजी नाही. पिसं गळण्याच्या दिवसांत ते आकसतात आणि फलन घटतं. तेवढ्यावरून चांगला नर कापायला काढू नका.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान कृत्रिम रेतनासाठी वीर्य काढताना होतं. नागमोडी शुक्रवाहिनी मूत्रवाहिनीला लागूनच खाली येते आणि दोन्ही अवस्करात, म्हणजे विष्ठेच्याच वाटेत, उघडतात. त्यामुळे पोट जोरात दाबलं की वीर्यात खडूसारखी पांढरी लघवी आणि विष्ठा मिसळते, मग ते वाया जातं. पुन्हापुन्हा दाबलं तर पाण्यासारखा द्रव जास्त येतो आणि वीर्य पातळ होतं. कोंबड्याला पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) नसते, त्यामुळे वीर्य मुळातच थोडं असतं. एका वेळी ०.२ ते ०.५ मिलिलिटर दाट वीर्य मिळालं, की थांबा. आधी काही तास खाद्य बंद ठेवलं तर घाण कमी होते.

बदकाचं वेगळं. कोंबडा अवस्कराला अवस्कर टेकवतो. बदकाला मात्र पिळदार लिंग असतं. ते कधी बाहेरच लोंबत राहतं. आतडं समजून ओढू नका, दोरा बांधू नका, कापू तर मुळीच नका. स्वच्छ पाण्याने धुवा, पेट्रोलियम जेली लावून ओलसर ठेवा, बदक वेगळं करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. त्यातून लघवी जात नाही, त्यामुळे उशीर होऊन तो भाग मेला तरी डॉक्टर तो काढून बदक वाचवू शकतात.

नर बदलल्यावर लगेच अंडी बसवायचीही घाई नको. कोंबडीच्या अंडनलिकेत जुन्या नराचे शुक्राणू दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतात. नव्या नराचीच पिल्लं हवी असतील, तर जुना काढल्यापासून निदान तीन आठवड्यांनी अंडी जमवायला घ्या.