चढायच्या आधी उतरायचं बघा: नाशिकच्या कातळवाटांवर या चुका टाळा

दिवाळी उरकली की नाशिकच्या ट्रेक ग्रुपांत दरवर्षी तीच टूम निघते: यंदा सातमाळ ही किल्ल्यांची रांग सलग मारायची. अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, राजदेर, इंद्राई करत थेट चांदवड. कोणी बागलाणात साल्हेरला जातं. १५६७ मीटर, राज्यात कळसूबाईच्या खालोखाल. हौस चांगलीच आहे. पण यातल्या बऱ्याच डोंगरांवर असा एक टप्पा येतो जिथे चालणं संपतं आणि दोर लावायची वेळ मात्र आलेली नसते. हात टेकून, कातळाला पोट लावून चढायचं. 'पॅच (कातळाचा टप्पा) सोपा आहे' म्हणून जिथे कोणी थांबत नाही, तिथेच माणसं अडकतात.

मीही अडकलोय. धोडपच्या पायथ्याला, हट्टीत, रानात गुरं घेऊन निघालेल्या एका आजोबांना मी मळलेली वाट सोडून बाजूच्या डोंगरसोंडेबद्दल विचारलं होतं. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाले, "चढशील रं तू. पन उतरशील कुठून?" मी हसलो. दोन तासांनी दीड पुरुष उंचीचा कातळ मी सहज चढून गेलो, वर वाट संपली, आणि परत फिरल्यावर कळलं की चढताना डोळ्यांसमोर असलेली पायाची खोबण उतरताना दिसतच नाही. डावा पाय अंगठाभर कपारीवर, उजवा हवेत चाचपडतोय, आणि डावी पोटरी शिलाई मशीनसारखी थडथडतेय. खालून मित्र "अजून थोडा खाली, अजून थोडा" सांगत राहिला म्हणून निभावलं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: कातळावर तीन पावलं चढलो की तीच तीन उतरून बघायची. जमलं तर पुढे. नाही जमलं तर डोंगर तिथेच आहे, पुढच्या रविवारी या. उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे. अनेकांना हे उलटं वाटतं आणि ते बसून घसरत येतात; मग पाठीवरची सॅक मागच्या दगडाला अडते आणि माणूस पुढे ढकलला जातो. पाय थडथडायला लागलाच तर टाच खाली सोडा, गुडघा थोडा सैल करा, दोन लांब श्वास घ्या. टाच वर उचलून चवड्यावर लटकलं की पोटरी दमते, थडथड त्याचीच असते.

दगडावर आंधळा विश्वास

आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काळा बसाल्ट पक्का, पण दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर, मातकट पट्टा असतो. तो नखाने खरवडला तरी सुटतो. त्या पट्ट्यातली पकड ही पकड नव्हेच. काळा दगडही आधी तळहाताने थोपटून बघा: खणखणीत वाजला तर बरा, पोकळ 'भद्द' आला तर सोडा. पकड खाली दाबायची, स्वतःकडे ओढायची नाही. ओढली की सुटा दगड छातीवर येतो. दोन हात, दोन पाय, यातला एका वेळी एकच हलवायचा. दगड सुटलाच तर "दगड!" एवढंच ओरडा, आणि खालच्याने वर न बघता कातळाला चिकटायचं.

नोव्हेंबरनंतर वाळलेलं गवत हा आणखी एक फसवा प्रकार. खाली घसारा, म्हणजे सुटी माती-खडी, वर गवताची सोनेरी गादी. गवताचा झुबका धरून चढणाऱ्यांना माझा दंडवत.

वाट चुकल्यावर नाळेत उतरणं

ही सगळ्यात महागाची चूक. वाट चुकली, खाली गाव दिसतंय, समोर नाळ, म्हणजे डोंगरातली उभी घळ, सरळ त्याच दिशेला जातेय, मग उतरा की! पण थरांच्या डोंगरात नाळ पायरीपायरीने उतरते, आणि प्रत्येक थराच्या तोंडाशी पावसाळी धबधब्याचा कोरडा कडा असतो. वरून तो दिसत नाही, फक्त पुढची झाडं दिसतात. दोन लहान कडे उड्या मारून उतरलात, तिसरा तीस फुटी निघाला, की ना खाली ना वर. चुकलात तर शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथे परत चढा. ढोरवाटांवरही फार विसंबू नका. गुरांना चरायला जायचं असतं, माथ्यावर नाही.

हरिहरची गर्दी

निरगुडपाड्याकडून येणाऱ्या हरिहर किल्ल्याच्या कातळकोरीव पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. पण दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या कोरलेल्या आहेत, म्हणून एकटा माणूस त्या नीट चढतो. गोंधळ होतो तो रविवारी, चढणारे आणि उतरणारे एकाच पायरीवर समोरासमोर आले की. सकाळी लवकर पोहोचा, वरची माणसं उतरेपर्यंत खाली थांबा, आणि मध्येच सेल्फीसाठी हात सोडणाऱ्याच्या खाली उभे राहू नका. पावसात तिथे जायचंच असेल तर वनखात्याची बंदी आहे का, हे आधी विचारून घ्या.

सामानाचं थोडक्यात: घासलेल्या तळव्याचे बूट नकोत, आणि नवे बूट पहिल्यांदा डोंगरावर घालू नका. चटई सॅकच्या बाहेर आडवी बांधली तर कातळाला घासून तोल घालवते, उभी बांधा किंवा आत टाका. काठ्या कातळाआधी मिटवा. कड्यावर आधीच कोणी सोडलेला जुना दोर दिसला तर त्यावर भार टाकू नका. उन्हात विरलेला नायलॉन बाहेरून चांगलाच दिसतो. पाणी माणशी तीन लिटर. गडावरची टाकी फेब्रुवारीनंतर भरवशाची नाहीत.

आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच नको. माशा उठल्या तर तोंड-मान कापडाने झाकून लगेच लांब व्हा. कड्याच्या काठावर असाल तर पळू नका, आधी आतल्या बाजूला सरका.

आणि वेळ. डिसेंबरात नाशिककडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी एक वाजता माथा हाती नसेल तर जिथे असाल तिथून फिरायचं, मग माथा पन्नास पावलांवर का असेना. हे सकाळी, पायथ्याशी, सगळ्यांनी मिळून ठरवा. वर गेल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही. ज्या घरासमोर गाडी लावाल तिथल्या मावशींना किती जण, कुठल्या वाटेने आणि किती वाजता परत येणार हे सांगून जा. कड्याच्या आडोशाला मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे ११२ला फोन लावायची वेळ आली तर तो बहुतेक त्याच मावशींच्या ओट्यावरून लागेल. उतरल्यावर त्यांना तोंड दाखवायला विसरू नका, नाहीतर रात्री गावातली पोरं बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधत फिरतील आणि तुम्ही नाशकात मिसळ खात असाल.