कोल्हापुरात न्यॉर्डचा मध्यहिवाळी विधी कसा करावा

न्यॉर्ड हा नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातील प्राचीन परंपरेतील वानिर या देवकुळाचा देव आहे. समुद्र आणि वारा त्याच्या ताब्यात असतात, कोळी आणि दर्यावर्दी त्याला हाक मारतात, आणि फ्रेय व फ्रेया ही त्याची अपत्ये होत. घाटमाथ्याच्या अलीकडे असलेल्या आपल्या जिल्ह्यात समुद्रदेवाचे पूजन कशासाठी, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु तिचे उत्तर जुन्या लिखाणातच मिळते. आइसलँडच्या स्नोरी स्टर्लुसनने १३व्या शतकात नॉर्वेच्या राजांची जी चरित्रे लिहिली, त्यांतील राजा हाकोनच्या चरित्रात सामुदायिक यज्ञभोजनाचे वर्णन आहे. तेथे पहिला प्याला ओडिन या प्रमुख देवाच्या नावे, राजाच्या विजयासाठी उचलला जातो आणि त्यानंतरचे प्याले न्यॉर्ड व फ्रेय यांच्या नावे, चांगल्या पिकासाठी आणि शांततेसाठी. त्या भोजनाला जमणारी माणसे मुख्यतः शेतकरी होती. तेव्हा उसाचा हंगाम भरात असताना, शेतीवर जगणाऱ्या मुलखातून या देवाकडे मागणे मागण्यात विसंगत असे काहीही नाही.

दिवस ठरवताना दोन पर्याय समोर येतात. हाकोनने यूल हा नॉर्स हिवाळी सण ख्रिस्ती नाताळाच्या वेळेला आणून जोडला. त्याआधी तो मध्यहिवाळ्याच्या रात्री, म्हणजे आजच्या हिशेबाने जानेवारीच्या मध्यास सुरू होत असे. नॉर्स देवांचे आजचे बहुतेक उपासक २१ किंवा २२ डिसेंबरची सर्वांत मोठी रात्र निवडतात. कोल्हापुरात मीही हीच रात्र सुचवेन, कारण जानेवारीच्या मध्यास घरोघरी संक्रांत असते आणि दोन सणांची सरमिसळ झाली की दोघांचाही मान राहत नाही. ही रात्र मार्गशीर्षातील गुरुवारी आली आणि घरात तो पाळला जात असेल, तर नैवेद्यात मासे ठेवू नयेत. धान्याचा नैवेद्य पूर्णपणे योग्य आहे.

जागा म्हणून घराची गच्ची किंवा अंगण पुरेसे आहे. वाहत्या पाण्याजवळ विधी करायचा असेल, तर रंकाळा तलावापेक्षा पंचगंगा नदीचा काठ मला अधिक उचित वाटतो, कारण हे पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि पुढे बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. येथून उच्चारलेली प्रार्थना खरोखरच समुद्राच्या वाटेवर असते. मात्र घाटावरील मंदिरांपासून दूर, भाविकांच्या वाटेत न येता बसावे आणि जाळ पेटवू नये. वाऱ्याच्या गतीवर सत्ता असणारा आणि समुद्र व अग्नी यांना शांत करणारा देव म्हणून न्यॉर्डचे वर्णन आहे. त्याच्यासाठी एक दिवा पुरतो.

साहित्य साधे असावे. दोन वाडगे, एक पेला, आंब्याची डहाळी, थोडे खडे मीठ, जोंधळ्याची भाकरी, शक्य असल्यास रत्नागिरीकडून आलेला ताजा बांगडा, आणि पेय. उत्तरेकडे मधापासून केलेले मद्य किंवा बिअर वापरत; येथे मध घातलेले कोमट पाणी चालेल, पण गुऱ्हाळावरची ताजी काकवी पाण्यात मिसळून अर्पण केली तर ती अधिक अर्थपूर्ण ठरते, कारण ती याच मातीतल्या हंगामाची आहे. प्राचीन काळी जनावर बळी देऊन त्याचे रक्त डहाळीने जमलेल्यांवर शिंपडत असत. आज बहुतेक उपासक पशुबळी देत नाहीत आणि देण्याची गरजही नाही. वाडग्यातील पेय शिंपडावे.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर दिवा लावून सर्वांनी गोलाकार उभे राहावे. जुन्या ग्रंथांत विधीची संपूर्ण संहिता दिलेली नाही, त्यामुळे पुढचा क्रम आजच्या उपासकांच्या प्रथेवर बेतलेला आहे, हे नव्याने येणाऱ्यांना आधीच सांगावे. एका वाडग्यातील पाण्यात मीठ टाकून ते समोर ठेवावे आणि ज्येष्ठाने आवाहन करावे (नोआतून हे न्यॉर्डचे निवासस्थान): ‘नोआतूनच्या धन्या, वाऱ्याच्या वाटा जाणणाऱ्या न्यॉर्डा, या मोठ्या रात्री आम्ही तुला बोलावीत आहोत. दर्यावर गेलेल्यांना सुखरूप घरी आण आणि आमच्या शिवाराला चांगले वर्ष दे.’ शब्द आपले असावेत. पाठ केलेल्या परक्या वाक्यांपेक्षा मनापासून बोललेली मराठी मला श्रेष्ठ वाटते. शेवटी ‘तिल आर्स ओक फ्रिदर’ हे जुने नॉर्स मागणे, म्हणजे चांगल्या वर्षासाठी आणि शांततेसाठी, सर्वांनी एकत्र म्हणावे.

मग पेयाचा पेला हातोहात फिरवावा. प्रत्येकाने काय मिळाले याबद्दल आभार मानावेत, एक घोट घ्यावा आणि थोडे पेय दुसऱ्या, रिकाम्या वाडग्यात ओतावे. येथे घाई करू नये. देवाशी नाते देण्याघेण्याने जुळते, अशी या परंपरेची धारणा आहे; म्हणून नुसते मागणाऱ्याने आपण काय देणार हेही बोलून दाखवावे. यूलच्या वेळी शपथ घेण्याची चाल होती. नदीकाठ स्वच्छ करणे किंवा कोळी कुटुंबातील मुलाच्या शिक्षणाला हातभार लावणे, असे पाळता येईल तेवढेच वचन द्यावे. फेरी पूर्ण झाल्यावर त्या वाडग्यात डहाळी बुडवून ते सर्वांवर शिंपडावे.

उरलेले पेय झाडाच्या बुंध्याशी ओतावे आणि मीठपाणी मात्र मोरीत सोडावे, कारण मिठाने माती बिघडते. नैवेद्याचा देवाचा वाटा बाजूला काढून बाकीचे सर्वांनी मिळून जेवावे. देवाचा वाटाही नदीत सोडू नये. पंचगंगा आधीच प्रदूषणाने गांजली आहे आणि गणेशोत्सवात निर्माल्य वेगळे देण्याची शिस्त कोल्हापूरकरांनी अंगी बाणवली आहे. तीच शिस्त येथे पाळून तो वाटा परसात खड्डा काढून पुरावा. दिलेली वचने वहीत लिहून ठेवावीत आणि पुढच्या वर्षीच्या फेरीत सर्वांत आधी ती वाचून दाखवावीत.