पिक्सेलमधला थर्मल नॉइज: पेल्टिअर लावण्याआधी कपॅसिटन्स मोजा

माझ्या कॅमेरा सेन्सरच्या पहिल्या टेस्ट चिपवर अंधारातला नॉइज ५३ इलेक्ट्रॉन आला होता. तीन ट्रान्झिस्टरचा साधा ३टी पिक्सेल, फोटोडायोडचा कपॅसिटन्स सुमारे ८ फेम्टोफॅरड. नॉइज 'थर्मल' आहे, म्हणजे थंड केलं की जाईल, अशी माझी समजूत होती. चिपखाली पेल्टिअर, म्हणजे विजेवर थंड करणारी चकती, बसवला, दव धरू नये म्हणून कोरडा नायट्रोजन सोडला आणि तापमान उणे २० अंशांवर नेलं. या खटाटोपात दोन दिवस गेले आणि नॉइज ४९ वर आला. नव्याने पिक्सेल डिझाइनकडे वळणाऱ्यांचे तरी हे दोन दिवस वाचावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी हिशेब. पिक्सेल रिकामा करून मूळ पातळीवर आणणारा रीसेट ट्रान्झिस्टर ऑफ होतो त्या क्षणी त्याच्या चॅनेलमधली इलेक्ट्रॉनची धावपळ जशी असेल तशी कपॅसिटरवर गोठते. किती गोठते? बोल्ट्झमनचा स्थिरांक, केल्विनमधलं तापमान आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, इलेक्ट्रॉनच्या चार्जने भागा. यालाच केटीसी नॉइज म्हणतात. ३०० केल्विनला १ फेम्टोफॅरडवर सुमारे १३ इलेक्ट्रॉन येतात, ८ फेम्टोफॅरडवर ३६. ३टी पिक्सेलमध्ये सिग्नल एका रीसेटचा आणि वजा केलेली पातळी पुढच्या रीसेटची असते. दोन्ही स्वतंत्र, म्हणून ३६ गुणिले १.४१, म्हणजे ५१. माझ्या ५३ मधला बहुतेक भाग हाच होता.

तापमान वर्गमुळाच्या आत आहे आणि तेही केल्विनमध्ये. ३०० वरून २५३ वर आलात तर जेमतेम ८ टक्के फरक पडतो. निम्मा करायचा तर ७५ केल्विन हवं, द्रव नायट्रोजनच्याही थोडं खाली. थंडावा कामाला येतो तो डार्क करंटसाठी, म्हणजे अंधारातही फोटोडायोडमध्ये झिरपणाऱ्या करंटसाठी; तो दर ६ ते ८ अंशांना दुप्पट होतो. तो आजार वेगळा आणि त्याचं औषधही वेगळं. आणखी एक: या सूत्रात ट्रान्झिस्टरचा रेझिस्टन्स कुठेच नाही. रेझिस्टन्स वाढला तर नॉइज वाढतो पण बँडविड्थ तितकीच आक्रसते. त्यामुळे रीसेट ट्रान्झिस्टर रुंद करून हा नॉइज कमी होत नाही.

म्हणून काहीही बदलण्याआधी मोजा. सेन्सर पूर्ण झाकून, एक्स्पोजर कमीत कमी ठेवून लागोपाठ दोन फ्रेम घ्या. एकातून दुसरी पिक्सेलगणिक वजा करा, म्हणजे फिक्स्ड पॅटर्न, अर्थात पिक्सेलापिक्सेलांतला कायमचा फरक, निघून जातो. उरलेल्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन १.४१ ने भागा. मग एकसारख्या प्रकाशात वेगवेगळ्या एक्स्पोजरला अशाच जोड्या घेऊन सरासरी आणि व्हेरिअन्सचा आलेख काढा. त्याच्या चढावरून एका इलेक्ट्रॉनला किती काउंट मिळतात ते कळतं. त्याने अंधारातला नॉइज काउंटमधून इलेक्ट्रॉनमध्ये आणा आणि तो आकडा केटीसीच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. दोन्ही जवळ आले तर दोषी सापडला.

खरा उपाय ४टी पिक्सेल (चौथा ट्रान्झिस्टर म्हणजे ट्रान्सफर गेट) आणि कोरिलेटेड डबल सॅम्पलिंग, म्हणजे एकाच रीसेटच्या दोन पातळ्या वाचून वजा करणं. दुसरी युक्ती वेस्टिंगहाउसच्या मार्विन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरसाठी मांडली. ४टी पिक्सेलला लागणारा, पूर्ण रिकामा होऊ शकणारा पिन्ड फोटोडायोड १९८० मध्ये एनईसीत नोबुकाझू तेरानिशींनी शोधला. क्रम असा: फ्लोटिंग डिफ्युजन (चार्जचं व्होल्टेज करणारा छोटा कपॅसिटर) रीसेट करा, वाचा, ट्रान्सफर गेट उघडून चार्ज आणा, पुन्हा वाचा, वजाबाकी करा. किराणा दुकानदार तेल देताना आधी रिकाम्या बरणीचा धडा करतो, मग त्याच बरणीत तेल ओततो, तसंच हे. ३टी मध्ये धडा एका बरणीचा आणि तेल दुसरीत, अशी गत होते. अट एकच, पण कडक: फोटोडायोड पूर्ण रिकामा झाला पाहिजे. ट्रान्सफर गेटखाली पोटेन्शियलचा छोटासा खळगा राहिला तरी थोडे इलेक्ट्रॉन मागे अडकतात, लॅग, म्हणजे पुढच्या फ्रेममध्ये आधीची पुसट छाया, दिसतो आणि घालवलेला नॉइज मागच्या दाराने परत येतो.

केटीसी गेला की सोर्स फॉलोअरचा, म्हणजे फ्लोटिंग डिफ्युजनचं व्होल्टेज बाहेर पोचवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा, स्वतःचा थर्मल नॉइज उघडा पडतो, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. तो व्होल्टमध्ये येतो. आपल्याला हवा इलेक्ट्रॉनमध्ये. १ फेम्टोफॅरडच्या फ्लोटिंग डिफ्युजनवर एक इलेक्ट्रॉन १६० मायक्रोव्होल्ट देतो. फॉलोअरच्या इनपुटला १६० मायक्रोव्होल्ट नॉइज असेल तर २ फेम्टोफॅरडला तो २ इलेक्ट्रॉन, १ ला एकच. तेव्हा लेआउटमध्ये कपॅसिटन्स कुठे लपलाय ते शोधा. डिफ्युजनचं क्षेत्रफळ कॉन्टॅक्टपुरतंच ठेवा. ट्रान्सफर आणि रीसेट गेटच्या कडा त्याला जिथे भिडतात तिथे अरुंद करा. फॉलोअरच्या गेटपर्यंतची मेटलची तार आखूड हवी, आणि तिच्या शेजारी ग्राउंडऐवजी फॉलोअरच्याच आउटपुटची तार आणा: आउटपुट इनपुटच्या मागोमाग हलतो, म्हणून मधला कपॅसिटन्स जवळजवळ जाणवतच नाही. फॉलोअरची रुंदी वाढवली की ट्रान्सकंडक्टन्स वाढतो आणि त्याचा नॉइज घटतो, पण गेटचा कपॅसिटन्सही वाढतो. सिम्युलेशनमध्ये रुंदी बदलत जा आणि प्रत्येक वेळी नॉइज इलेक्ट्रॉनमध्येच काढा. किंमत मोजावी लागते फुल वेलमध्ये, म्हणजे पिक्सेलमध्ये मावणाऱ्या कमाल इलेक्ट्रॉनमध्ये. १ व्होल्टच्या स्विंगमध्ये १ फेम्टोफॅरडवर फक्त सुमारे ६,२०० इलेक्ट्रॉन मावतात. उजेडातही चालायचं असेल तर एका जादा ट्रान्झिस्टरने कपॅसिटर जोडता येईल असा ड्युअल कन्व्हर्जन गेन घ्या.

कॉलममध्ये, म्हणजे पिक्सेलच्या उभ्या रांगेच्या सर्किटमध्ये, एडीसीच्या (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या सर्किटच्या) आधी गेन द्या आणि बँडविड्थ सिग्नल स्थिरावण्यापुरतीच ठेवा. १२ बिटांच्या अर्ध्या एलएसबीपर्यंत (सर्वांत छोट्या पायरीच्या निम्म्यापर्यंत) पोचायला सुमारे ९ टाइम कॉन्स्टंट लागतात. त्याहून वेगवान ॲम्प्लिफायर फक्त नॉइज आत घेतो. दोनदा वाचल्याने या व्हाइट नॉइजची पॉवर दुप्पट होते, हे बजेटमध्ये धरायला विसरू नका. प्रत्येक पातळी चार वेळा वाचून सरासरी घेतली तर तो निम्मा होतो, पण लाइन टाइम (एक ओळ वाचायचा वेळ) वाढतो आणि फ्लिकर नॉइज, म्हणजे संथ बदलणारा नॉइज, तितका ऐकत नाही.

माझ्या दुसऱ्या चिपवर, ४टी घेऊन, खोलीच्या तापमानाला ४ इलेक्ट्रॉन आले.

ग्लोबल शटर, म्हणजे सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारा सेन्सर, करणाऱ्यांनी मात्र जपावं. व्होल्टेज पिक्सेलमध्येच साठवलात की केटीसी पुन्हा हजर. २० फेम्टोफॅरडच्या साठवण कपॅसिटरवर ४५५ मायक्रोव्होल्ट, आणि रीसेट व सिग्नल असे दोन कपॅसिटर म्हणून ६४३. १०० फेम्टोफॅरड घेतलेत तर दोघांचे मिळून २८८. म्हणजे आतापर्यंत जो कपॅसिटन्स काटकसरीने घटवला, तोच इथे सढळ हाताने द्यायचा. फ्लोटिंग डिफ्युजन छोटं आणि साठवण मोठी, अशी जागेची वाटणी लेआउटच्या पहिल्याच दिवशी करून टाका.