खासगी शाळा निवडताना वहीही बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे इंग्रजी माध्यमाची शाळा बघताना आधी मान्यतापत्र मागा. कितवीपर्यंत आणि कोणत्या माध्यमाची मान्यता आहे, ते वाचा. कागदावर कन्नड माध्यम आणि वर्गात इंग्रजी, असा घोळ असू शकतो. शंका आली तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात विचारा.

कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्याने शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. घरी मराठी बोलणारं मूल इथेच अडखळतं. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांच्या कन्नड वह्या मागून बघा. नुसती फळ्यावरची नक्कल दिसली तर पुढे ट्यूशन ठरलेलीच! मराठी तिसरी भाषा म्हणून आहे का, तेही विचारा. एका वर्गात तीसच्या वर मुलं नकोत. फी विचारताना व्हॅन, पुस्तकं, गणवेश धरून वर्षाचा आकडा लेखी घ्या.