प्रोसेसरचा वेग कमी-जास्त होतो तेव्हा काय तपासायचं

रत्नागिरी-कुडाळकडे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नव्याने बसणाऱ्याला एक तक्रार हमखास ऐकावी लागते. "डब्यावर ३.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय आणि इथे १.२च दाखवतोय. फसवलंन काय आम्हाला?" कोणी फसवलेलं नसतं. आकडा हलणं हे प्रोसेसर ठीक असल्याचं लक्षण आहे. संशय घ्यायचा तो एकाच जागी अडकून बसलेल्या आकड्याचा.

आकडा येतो कुठून? बहुतेक मशिनांत १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका असतो आणि त्याला मल्टिप्लायरने गुणतात. मल्टिप्लायर ८ असला की ८०० मेगाहर्ट्झ, ३४ असला की ३.४ गिगाहर्ट्झ. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि खरा खर्च तिथे होतो, कारण वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत लागते. समजा, ८०० मेगाहर्ट्झला ०.७ व्होल्ट लागतं आणि ३.४ गिगाहर्ट्झला १.१. वेग सव्वाचार पट झाला, पण वीज साधारण साडेदहा पट. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते. म्हणून काम नसताना प्रोसेसर खाली उतरतो, रिकामे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) तर झोपूनच जातात.

वर चढायचं गणित वेगळं. इंटेलच्या आय५-८२५०यू या चिपचा मूळ वेग १.६, कमाल ३.४ आणि उष्णतेचा हिशेब १५ वॅटचा. चारही कोअर जुंपले की एवढा वेग फार वेळ टिकत नाही. कारण १५ वॅटच्या वर जायची मुभा थोडाच वेळ असते. बऱ्याच लॅपटॉपांत ती २८ सेकंदांची असते, पण कंपनी ती बदलू शकते. (याच चिपला विंडोज मूळ वेग १.८ दाखवते. तोही दोष नव्हे.)

तपासणी अशी करा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयू पाहा. टास्क मॅनेजर स्वतःही काम करतो, त्यामुळे तळाचा आकडा तिथे क्वचितच दिसतो. तापमान आणि वॅट दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम शेजारी चालू ठेवा. मग प्रोसेसरला पूर्ण जुंपणारा सिनेबेंच हा चाचणी प्रोग्रॅम सलग दहा मिनिटं चालवा. वरच्या चिपवर सुरुवातीला वेग तीनच्या आसपास, नंतर उतरून स्थिर, वॅट १५वर आणि तापमान पंच्याहत्तर-ऐंशी अंश असेल तर मशीन ठणठणीत आहे. वॅट १५च्या खाली, तापमान पंच्याण्णवच्या वर आणि वेग सारखा खाली-वर होत असेल तर मशीन खोला.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: कोकणातल्या दमट हवेने प्रोसेसर तापतो. घाम वाळत नाही म्हणून आपल्याला उकडतं. हीटसिंकला, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाला, घाम येत नाही. खोली दहा अंशांनी तापली तर तेवढ्याच लोडवर चिपही साधारण दहा अंशांनी तापेल, पण दमटपणाचा तापमानाशी फारसा संबंध नाही. त्याचा त्रास वेगळा आहे. चिऱ्याची लाल धूळ दमट हवेत चिकट होते आणि हीटसिंकच्या पातळ पत्र्यांवर, म्हणजे फिन्सवर, थापली जाते. हा थर फॅन आणि फिन्सच्या मधल्या बाजूला बसतो, म्हणून बाहेरून ब्लोअर मारून जात नाही. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग फॅन उचला आणि तो थर काढा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने भलत्याच वेगात फिरून बेअरिंग जातं. चिप आणि हीटसिंकच्या मधली जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपची चिप उघडी असते, तेव्हा नव्या पेस्टचा पातळ थर सगळ्या चिपवर द्या. हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमानेच, थोडे थोडे करत आवळा.

वेग ०.४ किंवा ०.८वर गोठलेला, तापमान मात्र जेमतेम पन्नास? मग पेस्ट बदलून काही होणार नाही. काही कंपन्यांचे लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरची ओळख मधल्या बारीक पिनेतून घेतात. ओळख पटली नाही की मदरबोर्ड प्रोसेसरला बळेच खाली ठेवतो. किनाऱ्यावरच्या घरांत, खाऱ्या वाऱ्याने, त्या पिनेवर मळकट-हिरवा थर धरतो. मशीन बंद करून पिन अल्कोहोलने साफ करा आणि त्याच वॅटचा दुसरा मूळ अ‍ॅडॉप्टर लावून पाहा. ६५ वॅटच्या जागी ४५चा लावू नका. "लाइट डिम आहे म्हणून लॅपटॉप स्लो" हेही सहसा खरं नसतं, कारण अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं.

वेग मूळ आकड्याच्या वर जातच नसेल तर पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा बघा. मशीन गार राहावं म्हणून कोणीतरी १००चे ९९ टक्के केलेले असतात, आणि तेवढ्याने टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर चढणं, बंद पडतो. उन्हाळ्यात ज्याला फक्त बिलं करायची आहेत त्याला ते तसंच राहू द्यायला हरकत नाही.

दुरुस्तीनंतर तीच दहा मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या, चार्जर लावून आणि त्याच खोलीत. बॅटरीवर घेतलेला आकडा चार्जरवरच्या आकड्याशी ताडून उपयोग नाही.