टेबलावरचं पुणं: सायबरपंक-फँटसी खेळासाठी आपल्या शहराची गाईड कशी लिहावी

1989 साली 'शॅडोरन' हा टेबलटॉप खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ, आला आणि त्याने दोन जगं एकत्र आणली. एका जगात कंपन्यांचं राज्य आणि अंगात यंत्रं बसवून घेतलेली माणसं, दुसऱ्यात परत आलेली जादू. त्या खेळाचं घर सिअ‍ॅटल. पुण्यात बसून आम्हीही बरीच वर्षं सिअ‍ॅटलच खेळलो. गेम मास्टर, म्हणजे खेळाची गोष्ट चालवणारा, म्हणायचा, "तुम्ही बंदरावर पोचलात," आणि आमच्यापैकी एकाच्याही डोळ्यांसमोर बंदर उभं राहायचं नाही. मग एका रविवारी आम्ही खेळ मुठा नदीवरच्या बुटक्या भिडे पुलापाशी आणला. "नदीपात्रातल्या रस्त्यावर पाणी चढतंय," एवढंच मी म्हटलं, आणि चौघांनी एकदम विचारलं, "गाडी कुठे लावलीय?"

त्या दिवसापासून मी आमच्या टेबलासाठी 2080 सालच्या पुण्याची गाईड लिहितो आहे. कशी लिहावी, ते इथे सांगतो. तुमचं गाव कोल्हापूर असो की नागपूर, रीत हीच.

पहिली पायरी: शहराचा एकच प्रश्न शोधा

माझा पहिला मसुदा चाळीस पानांचा होता. शिवकाळापासून आयटी पार्कपर्यंत सगळा इतिहास त्यात सनावळीसकट होता. खेळताना तो एकदाही उघडावा लागला नाही. खेळाडूला "इथे काय घडलं" यापेक्षा "इथे कोणाला काय हवंय" हे कळावं लागतं. म्हणून आधी असा प्रश्न शोधा, ज्यावरून शहरातली माणसं आजही भांडतात.

पुण्याचा प्रश्न पाण्याचा. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांची क्षमता मिळून सुमारे 29 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला खडकवासल्याचा स्वतःचा वाटा जेमतेम दोन टीएमसीचा, पण वरच्या तिन्ही धरणांचं पाणी शेवटी त्याच्याच दारात येतं. साठा वर, चावी खाली. गेम मास्टरला यापेक्षा चांगली भेट कोण देणार? आमच्या 2080 मध्ये ही चावी एका कंपनीच्या हातात आहे. शहरातले लोक, दौंड-इंदापूरकडचे कालव्यावरचे शेतकरी आणि पाण्यात राहणारे जुने जीव, तिघेही तिच्याकडे मागणं घेऊन उभे आहेत. बाकी सगळी गाईड या एका भांडणातून निघाली.

इतिहासातलं फक्त तेवढंच ठेवा, जे या प्रश्नाला चिकटतं. 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर ठेवा. तो पाहिलेली पिढी 2080 मध्ये नसेल, पण पुराच्या पाण्याची खूण असलेली भिंत असू शकते. शनिवारवाडा मी दोन ओळींत आटोपला.

दुसरी पायरी: नकाशा आडवा नको, उभा काढा

पुण्याचा रस्त्यांचा नकाशा सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. तो पुन्हा काढण्यात वेळ घालवू नका. कागदावर तीन थर काढा.

वर टेकड्या. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर, शहरातली सगळ्यात उंच जागा. तिथे वेताळाचं देऊळ आहे, मोर आहेत, खाणीचं पाणी आहे. ही टेकडी वाचवायला पुणेकर रस्त्यावर उतरले आहेत, त्यामुळे 2080 मध्येही ती कोणीतरी राखत असेल यावर खेळाडूंचा लगेच विश्वास बसतो.

मधे पेठा. आणि खाली जे आहे, ते या शहराचं खरं वैभव. पेशवाईत, 18व्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला. नळ कसला, माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढा बांधीव बोगदा. त्याचं पाणी पेठांतल्या हौदांत पडायचं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे आतली हवा बाहेर पडायला आणि माणसाला आत उतरायला वाट. त्याच शहरात आज सिव्हिल कोर्टाचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर आहे. या दोन खोलींच्या मधे काय असेल? हा प्रश्न पडला की अर्धी गाईड लिहून झाली.

तिसरी पायरी: जादू इथल्या मातीतली घ्या

इथे घाई करू नका. बुटके आणि ड्रॅगन उचलून सदाशिव पेठेत ठेवले की पेठ नुसता मागचा पडदा होते. आपल्याकडे भुताखेतांचं केवढं धन आहे! आणि त्यातल्या प्रत्येकाची एक जागा आहे, एक नियम आहे, एक अपुरी राहिलेली इच्छा आहे.

चकवा घ्या. चकवा लागलेला माणूस रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहतो, उजाडेपर्यंत. आमच्या खेळात डोळ्यात कॅमेरा आणि नकाशा बसवून घेतलेल्याला चकवा आधी लागतो, कारण नकाशा त्याला सांगत राहतो की तू बरोबर चालला आहेस. नियम सोपा ठेवला: फासा चुकला की पात्र त्याच चौकात परत येतं. सुटायचा मार्ग एकच, जिवंत माणसाला पत्ता विचारायचा. पहिल्यांदा हे खेळलो तेव्हा आमच्यातली एक खेळाडू सगळी यंत्रं बंद करून बंद दुकानाच्या फळीवर बसली आणि शटरवर टकटक करून म्हणाली, "अहो काका, जरा ऐकता का?" आतून काका बोलले, म्हणजे मीच बोललो, आणि सगळं टेबल शांत झालं.

मुंज होऊन सोडमुंजीआधी वारलेला मुलगा म्हणजे मुंजा. तो पिंपळावर असतो. 2080 मध्ये तो पिंपळ एका सर्व्हर इमारतीच्या आवारात अडकला आहे आणि तिथली यंत्रं दर रात्री बंद पडतात. मुंज्याला मारण्यासाठी आकडे देऊ नका. त्याची सोडमुंज राहिली आहे, ती कोण लावणार, त्यासाठी आवारात भटजी कसे न्यायचे, याचा शोध खेळाडूंना घेऊ द्या. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात अप्सरा, काठच्या शेंदूर लावलेल्या सात दगडांत वसतात. कंपनीने जुन्या बोगद्यात सेन्सर बसवला आहे. तो रोज पहाटे सात माणसं मोजतो. आत कोणीच नसतं.

देव आणि संत मात्र या यादीत आणू नका. माझं हे मत पक्कं आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी येतात, एक भवानी पेठेतल्या पालखी विठोबाकडे, दुसरी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाकडे. त्या दिवसांत शहराची चाल बदलते, रस्ते बंद होतात, अनोळखी दारांवर जेवणं होतात. खेळात एवढं घ्या. आमच्या गाईडमध्ये पालखीच्या मुक्कामात कोणीही कोणावर हत्यार उचलत नाही, आणि या नियमावर कुठल्याच खेळाडूने वाद घातलेला नाही.

चौथी पायरी: जागेची नोंद अर्ध्या पानात

प्रत्येक जागेसाठी पाच गोष्टी लिहा: काय दिसतं, कशाचा वास येतो, कोण बसलेलं असतं, त्याला काय हवंय, आणि काय लपलं आहे. आमची एक नोंद जशीच्या तशी देतो.

"उच्छ्वास, पेठेतल्या बोळाच्या टोकाला. चौकोनी दगडी मनोरा, पुरुषभर उंच, एका बाजूने वाड्याच्या भिंतीत गेलेला. चुन्याचा आणि ओल्या अंधाराचा वास. पायथ्याशी मावशी फुलांचे पुडे बांधत बसतात. त्यांचा डावा हात यांत्रिक आहे, बोटांना झेंडूचा पिवळा रंग चढलेला. मावशींना आत गेलेला मुलगा परत हवा आहे. झाकणाला कंपनीचं कुलूप आहे, पण कान लावला तर खालून वाहत्या पाण्याचा आवाज येतो, आणि कंपनीच्या कागदांप्रमाणे इथे पाणी कधीच बंद झालं आहे."

ही नोंद वाचल्यावर गेम मास्टरला आणखी काही शोधावं लागत नाही. अशा दहा-बारा नोंदी पुरतात. जागा खरी असेल तर एकदा पायी जाऊन या. सकाळी सातला आणि रात्री अकराला तोच बोळ वेगळा असतो.

यंत्रांची बाजू पटकन उरकते, कारण पुण्यात ती आयती आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था 1988 मध्ये इथे सुरू झाली आणि 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तयार झाला, म्हणजे शहराला संगणकाची वंशावळ आहे. सुटे भाग हवेत तर तपकीर गल्ली, चोरीचे हवेत तर 2080 मधला जुना बाजार. आयटी पार्कची हिंजवडी म्हणजे कंपन्यांची तटबंदी. तिथे पोचायला लागणारा वेळ हीच आमच्या खेळातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

पाचवी पायरी: शहराला घड्याळ द्या

नुसत्या जागा लिहिल्या तर शहर थिजून राहतं. काहीतरी सरकत राहायला हवं. आम्ही एका पट्टीवर विसर्गाचा तक्ता ठेवतो, पुणेकर पावसाळ्यात रोज ऐकतात तोच. पहिलं घर, पात्र कोरडं. दुसरं, खडकवासल्यातून विसर्ग सुरू. तिसरं, नदीपात्रातला रस्ता बंद. चौथं, भिडे पूल पाण्याखाली. पाचवं, सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी. खेळाडूंनी वेळ घालवला किंवा कंपनीला चिडवलं की सोंगटी एक घर पुढे जाते. प्रत्येक घरासमोर एकच ओळ लिहा: आता कुठे जाता येणार नाही आणि पाण्यातून कोण वर येणार.

पात्रांची बोलीही ठरवून ठेवा. वाड्यातली आजी सगळ्यांना "अरे बाळा" म्हणते, मंडळाचा कार्यकर्ता "दादा" म्हणतो, कंपनीचा अधिकारी "सर" म्हणूनच धमकी देतो. प्रत्येकाचं एकेक वाक्य लिहून ठेवलं की टेबलावर अडखळायला होत नाही. खऱ्या हयात माणसांना आणि खऱ्या कंपन्यांना खलनायक करू नका. पहिल्या सेशनआधी सगळ्यांना विचारा, कोणता विषय नको. पुरात घर गेलेलं कुटुंब तुमच्याच टेबलावर असू शकतं. आमच्याकडे होतं. त्या दिवशी आम्ही पाचवं घर पट्टीवरून काढून टाकलं.

शेवटची पायरी: खेळा, आणि मग कापा

गाईड पूर्ण झाल्यावर खेळायचं, असं करू नका. तीन जागा, एक भूत आणि विसर्गाची पट्टी एवढ्यावर पहिलं सेशन लावा. खेळून झाल्यावर ज्या ओळीकडे कोणी पाहिलंही नाही ती खोडा, आणि ज्या ठिकाणी तुम्हाला ऐनवेळी काही रचावं लागलं ते त्याच रात्री लिहून ठेवा. सकाळी ते आठवत नाही. शटरमागचे काका असेच आले. आता त्यांची अर्ध्या पानाची नोंद आहे, आणि त्यांच्या दुकानाची मागची खोली उच्छ्वासाला लागून आहे.